वाचकांचे प्रश्न : लिनक्सवर फाइली स्वीकारणारा सर्व्हर

या अंकासाठी निवडलेली पत्रे एकाच विषयाभोवती फिरतात : बाहेरच्या माणसांनी पाठवलेल्या मोठ्या फाइली आपल्या लिनक्स यंत्रावर कशा घ्याव्यात, आणि त्या घेताना यंत्र धोक्यात येऊ नये म्हणून मांडणी कशी करावी. संकेतस्थळ दाखवणारा सर्व्हर लोकांना वाचू देतो, तर अपलोड स्वीकारणारा सर्व्हर त्यांना आपल्या डिस्कवर लिहू देतो. म्हणून कोणी, कुठे आणि किती लिहायचे हे सॉफ्टवेअर बसवण्याआधीच ठरवावे लागते. आज्ञा आणि सेटिंगांची नावे येथे देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीत लिहावीत.

प्रश्न : सांगलीत आमचा छापखाना आहे. ग्राहक पुस्तकांच्या आणि फ्लेक्सच्या दोन-तीन जीबीच्या फाइली पाठवतात. त्यासाठी बरीच वर्षे एफटीपी सर्व्हर चालू आहे. आता नवे यंत्र घेऊन त्यावर उबंटू बसवले आहे. जुनेच सॉफ्टवेअर पुन्हा बसवावे की दुसरे घ्यावे? बसवण्यापासून मांडणीपर्यंत सविस्तर सांगावे.

उत्तर : नव्या यंत्रावर एफटीपी बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एफटीपीचा पहिला मसुदा १९७१ मध्ये, आरएफसी (जाळ्याच्या नियमांचे क्रमांकित टिपण) ११४ या क्रमांकाने, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी अभय भूषण यांनी एमआयटीत असताना लिहिला, आणि आज वापरात असलेले त्याचे रूप मुख्यतः १९८५ च्या आरएफसी ९५९ वर उभे आहे. त्या काळच्या जाळ्यावर परस्परांना ओळखणाऱ्या मोजक्या संस्था होत्या, त्यामुळे पासवर्ड आणि मजकूर उघडाच पाठवण्यात कोणाला वावगे वाटले नाही. आज तोच पासवर्ड वाटेतला कोणीही वाचू शकतो. शिवाय एफटीपी आज्ञांसाठी एक आणि फाइलींसाठी दुसरी जोडणी उघडतो, त्यामुळे फायरवॉलमध्ये पोर्टांचा एक पट्टाच मोकळा ठेवावा लागतो. क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी २०२१ मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला, तेव्हा ग्राहकांची जुनी सोयही आता उरलेली नाही.

आपल्या गरजेला ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रावर सुरक्षित प्रवेश देणारे सॉफ्टवेअर, यातील एसएफटीपी पुरेसे आहे. नावात साम्य असले तरी त्याचा एफटीपीशी संबंध नाही. सर्व वाहतूक एसएसएचच्या एकाच सांकेतिक जोडणीतून, नेहमीच्या २२ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते, आणि ग्राहकांना फाइलझिला किंवा विनएससीपी हे ओळखीचे प्रोग्राम तसेच वापरता येतात. बसवण्यासाठी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर’ एवढी आज्ञा लागते. खरे काम त्यानंतरच्या मांडणीत आहे.

प्रथम सर्व ग्राहकांसाठी एक गट तयार करावा आणि प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र खाते द्यावे. एकच खाते सर्वांना वाटण्याचा मोह टाळावा, कारण मग कोणती फाइल कोणाची हे कळत नाही आणि एका ग्राहकाचा प्रवेश बंद करायचा तर सर्वांचाच बंद करावा लागतो. खाते उघडताना शेल (टंकलेल्या आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम) म्हणून ‘नोलॉगिन’ द्यावे. एसएफटीपी एसएसएचच्या आतल्या आतच चालणार असल्याने त्याला शेल लागत नाही. मग ‘एसआरव्ही’ या मूळ फोल्डरखाली ‘अपलोड’ आणि त्याखाली ग्राहकाच्या खात्याच्या नावाचे फोल्डर करावे. हे फोल्डर रूटच्या, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याच्या, मालकीचे आणि ७५५ परवानगीचे असावे, म्हणजे ग्राहकाला तेथे लिहिता येणार नाही. त्याच्या आत ‘इनबॉक्स’ नावाचे आणखी एक फोल्डर करून त्याची मालकी ग्राहकाकडे, गट छापखान्यातील कर्मचाऱ्यांचा आणि परवानगी २७७० ठेवावी. सुरुवातीच्या २ या अंकामुळे आत येणाऱ्या प्रत्येक फाइलीला आपोआप कर्मचाऱ्यांचा गट मिळतो, आणि शेवटच्या ० मुळे एका ग्राहकाला दुसऱ्याचे काम दिसत नाही.

यानंतर एसएसएचडीच्या (एसएसएचची सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कॉन्फिग फाइलीच्या अगदी शेवटी ‘मॅच ग्रुप’ने सुरू होणारा भाग लिहावा. शेवटीच लिहावा, कारण पुढचा ‘मॅच’ येईपर्यंत खालच्या सर्व ओळी त्या गटापुरत्याच धरल्या जातात. या भागात ‘क्रूटडिरेक्टरी’साठी (ग्राहकाला ज्याच्या बाहेर जाता येत नाही त्या फोल्डरासाठी) अपलोडचा मार्ग आणि त्यापुढे ‘टक्के-यू’ हे चिन्ह द्यावे, ज्याच्या जागी खात्याचे नाव येते. ‘फोर्सकमांड’ला ‘इंटर्नल-एसएफटीपी’ हे मूल्य द्यावे, आणि त्यालाच ‘-यू ००२७’ व ‘-डी’ हे पर्याय जोडावेत. पहिला नव्या फाइलींच्या परवानग्या आवळतो, दुसरा ग्राहकाला थेट इनबॉक्समध्ये नेतो. टीसीपी फॉरवर्डिंग आणि एक्स११ फॉरवर्डिंग दोन्ही बंद करावे. फॉरवर्डिंग चालू राहिले तर फाइली ठेवण्यापुरता प्रवेश दिलेला माणूस आपल्या कार्यालयातील आतल्या जाळ्यावर पोचू शकतो, आणि बहुतेक मांडण्यांमध्ये नेमकी हीच ओळ राहून जाते.

पासवर्डऐवजी ग्राहकांकडून त्यांच्या सार्वजनिक किल्ल्या (ग्राहकाकडील गुप्त किल्लीची जोडीदार, जिच्यावरून त्याची ओळख पटते) मागवाव्यात, शक्यतो ईडी२५५१९ प्रकारच्या. त्या ग्राहकाच्या घरफोल्डरात न ठेवता ‘ईटीसी’ खाली रूटच्या मालकीच्या वेगळ्या फोल्डरात, खात्याच्या नावाने ठेवाव्यात आणि ‘ऑथराइझ्डकीजफाइल’ या सेटिंगमध्ये तो मार्ग द्यावा, म्हणजे ग्राहकाला स्वतःच्या किल्ल्यांच्या यादीत फेरफार करता येणार नाही. एसएसएचडी ही फाइल त्या खात्याच्या अधिकाराने उघडतो, त्यामुळे तिची परवानगी ६४४ ठेवावी. ६०० ठेवल्यास किल्ली बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो.

पासवर्डने होणारा प्रवेश बंद करताना एक खाचखळगा लक्षात ठेवावा. एसएसएचडी एखाद्या सेटिंगचे प्रथम सापडलेले मूल्य ग्राह्य धरतो, आणि उबंटूत मुख्य फाइलीच्या आरंभीच ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ या फोल्डरातील फाइली वाचल्या जातात. भाड्याने घेतलेल्या क्लाउड यंत्रांवर तेथे क्लाउड-इनिटने (यंत्र प्रथम सुरू होताना त्याची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामने) ठेवलेली, पासवर्ड चालू करणारी फाइल असू शकते. अशा वेळी मुख्य फाइलीत ‘नो’ लिहूनही पासवर्ड चालूच राहतो, आणि मालकाला मात्र आपण तो बंद केला असे वाटते. म्हणून फाइलीत काय लिहिले आहे यावर न थांबता ‘एसएसएचडी -टी’ ही आज्ञा मोठ्या टीने, ‘-सी’ पर्यायात खात्याचे नाव देऊन चालवावी. त्या खात्याला प्रत्यक्षात लागू होणारी मूल्ये ती छापते. छोट्या टीने हीच आज्ञा व्याकरणाच्या चुका शोधते. दोन्ही तपासण्या झाल्यावरच सेवा रीलोड करावी, आणि नव्या जोडणीतून प्रवेश होतो हे पाहीपर्यंत हातातली जुनी जोडणी तोडू नये.

प्रश्न : एसएफटीपीची अशीच मांडणी आमच्या महाविद्यालयात केली. पासवर्ड स्वीकारला जातो, पण लगेच जोडणी तुटते. परवानग्या ७७७ करूनही उपयोग झाला नाही. (साताऱ्याहून एक प्राध्यापक)

उत्तर : ७७७ केल्यामुळेच ती तुटत आहे. क्रूटसाठी दिलेले फोल्डर आणि मुळापासून त्याच्यापर्यंतचे प्रत्येक फोल्डर रूटच्या मालकीचे असावे आणि इतर कोणत्याही वापरकर्त्याला किंवा गटाला तेथे लिहिता येऊ नये, अशी एसएसएचडीची अट आहे. ती मोडली की ओळख पटल्यानंतर जोडणी तोडली जाते. ग्राहकाच्या पडद्यावर कारण दिसत नाही, मात्र ‘जर्नलसीटीएल’मध्ये फोल्डरची मालकी किंवा परवानगी चुकीची असल्याची ओळ हमखास सापडते. ‘नेमआय -एल’ आणि पुढे पूर्ण मार्ग दिल्यास वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची मालकी एकाखाली एक दिसते आणि चुकीचे फोल्डर लगेच लक्षात येते.

ही अट जाचक वाटते, पण तिच्यामागे ठोस कारण आहे. क्रूटमुळे एखादे फोल्डर त्या वापरकर्त्यासाठी संपूर्ण यंत्राचे मूळ होते. त्या मुळाशीच त्याला लिहिता आले तर तो स्वतःची ‘ईटीसी’ आणि ‘लिब’ फोल्डरे तयार करून, अधिक अधिकाराने चालणाऱ्या प्रोग्रामला खोटी पासवर्ड फाइल किंवा खोटी लायब्ररी दाखवू शकतो. म्हणून लिहिण्याची जागा नेहमी एक पायरी खाली, आतल्या फोल्डरात द्यावी.

आपण अल्मालिनक्स वापरता असे पत्रात लिहिले आहे. परवानग्या नीट करूनही लिहिता आले नाही तर एसईलिनक्सने (नेहमीच्या परवानग्यांवरच्या जादा सुरक्षा-थराने) अडवले आहे का हे ‘एयूसर्च -एम एव्हीसी’ या आज्ञेने पाहावे. एसईलिनक्स कायमचे बंद करण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. अनोळखी माणसांच्या फाइली घेणाऱ्या यंत्रावर तो मुळीच पाळू नये.

प्रश्न : आम्ही काही मित्र सिंधुदुर्गातील वृद्ध कलावंतांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतो. कार्यकर्ते गावागावांतून मोबाइलच्या जाळ्यावरून फाइली पाठवतात. आमच्या संकेतस्थळावरचा पीएचपीचा अर्ज मोठी फाइल नाकारतो, आणि स्वीकारली तरी मध्येच रेंज गेली की सारे पहिल्यापासून करावे लागते. कार्यकर्त्यांना एसएफटीपी शिकवणे शक्य नाही. काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

फाइल नाकारली जाते ती मर्यादांमुळे. एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर मूळ मांडणीत एक एमबीपेक्षा मोठी विनंती स्वीकारत नाही आणि ४१३ हा क्रमांक परत करतो. त्यापुढे पीएचपीची स्वतःची मर्यादा एका फाइलीसाठी दोन एमबी आणि संपूर्ण अर्जासाठी आठ एमबी असते. एक मर्यादा वाढवली आणि दुसरी राहिली, असे पुष्कळदा घडते. तरीही या तिन्ही वाढवून मुलाखतींचा प्रश्न सुटणार नाही, कारण साधा अर्ज संपूर्ण फाइल एकाच विनंतीत पाठवतो. ती विनंती तुटली की सर्व्हरवर काहीच उरत नाही.

तुटलेल्या जागेपासून पुढे पाठवता येण्यासाठी ‘टस’ नावाचा खुला प्रोटोकॉल आहे. त्याची रीत सरळ आहे. ब्राउझर प्रथम पोस्ट विनंतीने फाइलीची एकूण लांबी सांगतो आणि सर्व्हर त्या अपलोडला स्वतःचा पत्ता देतो. मग पॅच विनंतीने मजकूर जातो, आणि प्रत्येक वेळी तो कितव्या बाइटपासून आहे हे सोबत सांगितले जाते. रेंज गेली आणि पुन्हा आली की ब्राउझर हेड विनंतीने विचारतो, सर्व्हर आपल्याकडे किती बाइट पोचले ते सांगतो, आणि काम तेथूनच पुढे सुरू होते. कणकवलीहून देवगडला जाताना घाटात तुटलेली फाइल देवगडात पोचल्यावर पूर्ण होऊ शकते, आणि ग्रामीण जाळ्यावर हाच फरक निर्णायक ठरतो.

याचा मूळ सर्व्हर ‘टसडी’ हा गो भाषेत लिहिलेला एकच प्रोग्राम आहे. प्रकल्पाच्या अधिकृत प्रकाशनातून तो उतरवून ‘यूएसआर/लोकल/बिन’मध्ये ठेवावा आणि त्याच्यासाठी कोणतेही अधिकार नसलेले वेगळे खाते उघडावे. सिस्टमडी या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेच्या युनिट फाइलीत त्या खात्याचे नाव, ‘नोन्यूप्रिव्हिलेजेस’ चालू आणि ‘प्रोटेक्टसिस्टम’ला ‘स्ट्रिक्ट’ हे मूल्य द्यावे. असे केले की त्या प्रोग्रामसाठी जवळजवळ सारी डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते. ‘रीडराइटपाथ्स’मध्ये अपलोडचे एकच फोल्डर मोकळे करावे. टसडीत उद्या एखादी त्रुटी निघाली तरी नुकसान त्या फोल्डरापुरते राहावे, हा या ओळींचा हेतू आहे. टसडीला ‘-होस्ट १२७.०.०.१’ हा पर्याय अवश्य द्यावा. तो दिला नाही तर प्रोग्राम यंत्राच्या सर्व पत्त्यांवर ऐकतो आणि पुढे उभ्या केलेल्या एन्जिनएक्सला वळसा घालून कोणीही थेट त्याच्याशी बोलू शकतो. ‘-मॅक्स-साइज’ने एका फाइलीची कमाल मर्यादाही ठरवून टाकावी.

एन्जिनएक्समध्ये त्या मार्गापुरती ‘क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज’ शून्य करावी, म्हणजे मर्यादा टसडीकडे जाते. ‘प्रॉक्सी_रिक्वेस्ट_बफरिंग’ बंद करावे, आणि ही ओळ मुळीच विसरू नये. बफरिंग चालू असताना एन्जिनएक्स सारी विनंती आधी स्वतःकडे साठवतो आणि पूर्ण झाल्यावरच पुढे देतो. मध्येच जोडणी तुटली तर तोवर आलेले बाइट टसडीपर्यंत पोचतच नाहीत आणि पुढून सुरू करण्याची सारी सोय वाया जाते. यजमानाचे नाव आणि एचटीटीपीएस असल्याची नोंद पुढे पाठवावी व टसडीला ‘-बिहाइंड-प्रॉक्सी’ सांगावे, अन्यथा तो ब्राउझरला असुरक्षित पत्ता परत देतो आणि ब्राउझर तो नाकारतो. सर्व्हर अल्मा किंवा रॉकी लिनक्सवर असेल आणि ५०२ ही त्रुटी दिसत असेल, तर ‘सेटएसईबूल -पी’ने ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ चालू करावे.

टसडीत वापरकर्त्यांची ओळख पटवण्याची सोय नाही, हे ध्यानात ठेवून पहिल्या दिवसापासूनच एन्जिनएक्सचा पासवर्ड किंवा ‘प्री-क्रिएट’ हूक वापरावा. हूक म्हणजे ठरावीक क्षणी चालणारा आपला छोटा प्रोग्राम; अपलोड सुरू होण्याआधीच्या क्षणी तो नकार देऊ शकतो. ‘पोस्ट-फिनिश’ हूक फाइल पूर्ण झाल्यावर चालतो आणि तेथून ती संग्रहात हलवता येते. अर्धवट राहिलेली अपलोडे टसडी स्वतः पुसत नाही, त्यांच्यासाठी सिस्टमडीचा टायमर लावावा. आपल्या कार्यकर्त्यांची गती पाहता आठवडाभराची मुदत योग्य वाटते. कार्यकर्त्यांच्या पानावर ‘उप्पी’ किंवा ‘टस-जेएस-क्लायंट’ ही तयार लायब्ररी बसवली की त्यांना फाइल निवडण्यापलीकडे काही शिकावे लागणार नाही.

प्रश्न : आमचा प्रोग्राम फोल्डरवर नजर ठेवतो आणि नवी फाइल दिसताच ती उघडतो. पुष्कळदा फाइल अर्धीच असते. (पुण्याहून एक वाचक)

उत्तर : फाइल दिसणे आणि फाइल पूर्ण होणे या दोन घटना आहेत. लिनक्सच्या आयनोटिफाय या सोयीत ‘क्रिएट’ ही घटना फाइल जन्मताच, शून्य बाइटांवर, कळवली जाते. तिच्याऐवजी ‘क्लोज_राइट’ पाहिल्यास बराच फरक पडतो, पण पुरता नाही, कारण मध्येच जोडणी तुटली तरी सर्व्हर ती फाइल बंद करतोच आणि हीच घटना घडते.

खात्रीचा उपाय म्हणजे पाठवणाऱ्याने तात्पुरत्या नावाने फाइल पाठवावी आणि शेवटी तिचे नाव बदलावे. एकाच फाइलसिस्टमवर नाव बदलणे अविभाज्यपणे होते, त्यामुळे अर्धे बदललेले नाव कोणालाही दिसत नाही. आर्सिंक हा फाइली पाठवणारा प्रोग्राम मुळातच असे वागतो. विनएससीपीही एसएफटीपीवर १०० केबीपेक्षा मोठ्या फाइलींसाठी ‘फाइलपार्ट’ असे शेपूट लावून पाठवतो आणि अखेरीस ते काढतो. फाइलझिला तसे करत नाही. आपल्या प्रोग्रामने ‘मूव्ह्ड_टू’ ही घटना पाहावी आणि तात्पुरत्या नावांना हात लावू नये. पाठवणारे लोक वेगवेगळी साधने वापरत असतील, तर प्रत्येक फाइलीमागून तिची एसएचए२५६ बेरीज (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) असलेली छोटी फाइल पाठवण्याचा नियम करावा. ही छोटी फाइल आली की ‘एसएचए२५६सम -सी’ चालवावे, आणि जुळले तरच पुढे जावे. यात थोडे काम वाढते, परंतु वाटेत बिघडलेली फाइलही याच एका तपासणीत पकडली जाते, आणि संग्रहालये किंवा रुग्णालये यांच्या नोंदींसाठी मी याहून कमी काही सुचवणार नाही.

प्रश्न : फोंड्याजवळच्या आमच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रती सर्व्हरवर पाठवतो. नावे मराठीत देतो. काही वेळा एकाच नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरात दिसतात, आणि काही लांब नावे सर्व्हर घेतच नाही. हे कसे शक्य आहे?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. लिनक्सच्या दृष्टीने फाइलीचे नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ असते, आणि एक्सटी४ सारख्या नेहमीच्या फाइलसिस्टमवर तिची लांबी २५५ बाइटांपलीकडे जात नाही. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. आणि चिन्ह म्हणजे नुसते व्यंजन नव्हे, काना, मात्रा आणि हलन्त यांचीही स्वतंत्र मोजणी होते. ‘महाराष्ट्र’ या शब्दाची अशी दहा चिन्हे, म्हणजे तीस बाइट होतात. याचा अर्थ पूर्ण मराठी नावाला, शेपटासकट, पंच्याऐंशीच्या आसपास चिन्हे मिळतात. पुस्तकाचे शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि आवृत्ती सारे नावातच बसवले की ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

सारख्या दिसणाऱ्या दोन नावांची गोष्ट अधिक बारकाईची आहे. ‘किनाऱ्यावरची देवळे’ हे नाव घ्या. यातील अर्धा र युनिकोडमध्ये ‘ऱ’ या एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो. प्रमाणानुसार ही दोन्ही रूपे समान मानली जातात, पण त्यांचे बाइट वेगळे असतात. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइलसिस्टम नावे सुटी करून, म्हणजे दुसऱ्या रूपात साठवत असे. त्यामुळे जुन्या मॅकवरून आलेली आणि विंडोजवरून आलेली एकाच नावाची फाइल लिनक्स दोन वेगळ्या फाइली म्हणून ठेवतो. याशिवाय तिसरी रीतही रूढ आहे : साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे शून्यरुंदीचे जोडचिन्ह. पडद्यावर तीही तशीच दिसते, मात्र युनिकोडच्या नियमांनुसार ती पहिल्या दोहोंशी समान नाही. आपल्याकडे कोणत्या कळफलकावर कोण टंकन करते यावर कोणते रूप येईल ते ठरते.

आधीच साठलेली नावे ‘कॉन्व्हएमव्ही’ या प्रोग्रामने, यूटीएफ-८ मधून यूटीएफ-८ मध्ये, ‘--एनएफसी’ पर्याय देऊन एकसारखी करता येतात. ‘--नोटेस्ट’ लिहीपर्यंत तो फक्त काय बदलेल ते दाखवतो, म्हणून प्रथम तसाच चालवून यादी वाचून पाहावी. जोडचिन्हाचे रूप मात्र तो बदलणार नाही. त्यासाठी आपल्याला छोटी स्क्रिप्ट लिहून घ्यावी लागेल. पुढील कामासाठी माझा आग्रहाचा सल्ला असा की डिस्कवर फाइलीला दाखल क्रमांकासारखे साधे, इंग्रजी अंकाक्षरांचे नाव द्यावे आणि पूर्ण मराठी शीर्षक सूचीत किंवा डेटाबेसमध्ये ठेवावे. टसडी हेच करतो : फाइलीला स्वतःचा ओळख क्रमांक देतो आणि मूळ नाव शेजारच्या ‘इन्फो’ फाइलीत नोंदवतो. वाचनालयांना दाखल क्रमांकाची शिस्त संगणकापूर्वीपासून ठाऊक आहे, आणि येथे ती अतिशय उपयोगी पडते.

प्रश्न : एका ग्राहकाने डिस्क भरून टाकली आणि सारा सर्व्हर बंद पडला. पुन्हा असे होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : अपलोडसाठी वेगळे विभाजन ठेवावे, म्हणजे ते भरले तरी लॉग आणि डेटाबेस चालू राहतात. त्यावर प्रत्येक खात्याला कोटा लावावा. एक्सटी४ वर ‘सेटकोटा’ने तो वापरकर्त्यानुसार लागतो आणि एक्सएफएसवर फोल्डरानुसारही लावता येतो. जागा शिल्लक दिसत असूनही डिस्क भरल्याची तक्रार येत असेल तर ‘डीएफ -आय’ पाहावे, कारण लाखो बारीक फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या नोंदीच्या जागा) संपलेले असू शकतात.

प्रश्न : घरच्या ब्रॉडबँडवर सर्व्हर लावला. घरात चालतो, पण बाहेरून कोणी पोचत नाही. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केले आहे.

उत्तर : राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपली सेवा पुरवणारी कंपनी अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत आहे, आणि आपल्या राउटरमध्ये काहीही केले तरी बाहेरची जोडणी आत येणार नाही. कंपनीकडून स्थिर पत्ता विकत घेता येतो. दोन्ही टोकांना आयपीव्ही६ असेल तर त्याचा वापर करता येतो. अन्यथा सार्वजनिक पत्ता असलेले एक लहान यंत्र भाड्याने घेऊन घरच्या यंत्रापासून त्याच्यापर्यंत वायरगार्डचा बोगदा, म्हणजे सुरक्षित खासगी जोडणी, बांधावा. वायरगार्ड २०२० पासून, म्हणजे ५.६ या आवृत्तीपासून, लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच आहे. मोठ्या फाइली नियमित येणार असतील तर सर्व्हरच त्या भाड्याच्या यंत्रावर ठेवणे अधिक सोयीचे ठरते, कारण घरची वीज आणि घरची लाइन या दोहोंवरचा भार सुटतो.

प्रश्न : एकदा नीट चालू झालेल्या सर्व्हरला हात लावू नये, असे आमचे तंत्रज्ञ म्हणतात. अपडेट केल्याने बिघाड होतो, हे खरे आहे का?

उत्तर : अपडेटने क्वचित बिघाड होतो, न केल्याने होणारे नुकसान मात्र लक्षात येईपर्यंत पुष्कळ पुढे गेलेले असते. २०२४ या एकाच वर्षात एसएसएचशी संबंधित दोन मोठ्या घटना घडल्या. मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएचने प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा अनाकलनीय विलंब जाणवला, आणि त्याचा माग काढताना एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम पेरलेली चोरवाट सापडली. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत त्या पोचल्या नव्हत्या, आणि अपलोडचा सर्व्हर नेहमी स्थिर किंवा दीर्घकाळ आधार असलेल्या आवृत्तीवरच चालवावा याला याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. त्याच वर्षी १ जुलैला क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचच्या सर्व्हरमधील अशी त्रुटी जाहीर केली की जिच्यामुळे प्रवेश न मिळवताही रूटचे अधिकार मिळण्याची शक्यता होती. ती २००६ मध्ये दुरुस्त झालेली जुनीच त्रुटी होती, ८.५पी१ या आवृत्तीत ती नकळत परत आली आणि ९.८पी१ मध्ये पुन्हा दुरुस्त झाली.

येथे आवृत्तीच्या आकड्यावरून घाबरून जाण्याचेही कारण नाही. उबंटू आणि डेबियन जुन्या आवृत्तीवरच दुरुस्ती चढवतात, त्यामुळे उबंटू २२.०४ वर ८.९पी१ हाच आकडा दिसत राहतो, तरी अद्ययावत केलेल्या यंत्रावर ती त्रुटी उरलेली नसते. खात्री करायची तर ‘ॲप्ट चेंजलॉग’ वाचावा. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवणारी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ ही सेवा उबंटूत सहसा चालूच असते. ती कोणी बंद केलेली नाही ना, एवढे आपल्या तंत्रज्ञांकडून पाहून घ्यावे.

हाताने उतरवून बसवलेल्या सॉफ्टवेअरला मात्र ही सेवा शिवत नाही. वर सांगितलेला टसडी त्याच प्रकारातला आहे, तेव्हा त्याच्या नव्या प्रकाशनांची सूचना मिळेल अशी व्यवस्था करावी. उतरवलेल्या फाइलीची स्वाक्षरी किंवा बेरीज प्रकल्पाने दिली असेल तर ती न चुकता तपासावी. २०११ मध्ये व्हीएसएफटीपीडी या नावाजलेल्या एफटीपी सर्व्हरची २.३.४ ही आवृत्ती त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कोणीतरी बदलून ठेवली होती. वापरकर्त्याच्या नावात ठरावीक दोन चिन्हे आली की ती आवृत्ती ६२०० क्रमांकाच्या पोर्टवर यंत्राचा शेल उघडून देत असे, आणि ज्यांनी स्वाक्षरी पडताळली त्यांना ती फाइल मूळ लेखकाची नाही हे बसवण्याआधीच कळू शकत होते.